अजिंठा दोन डोळ्यांनी टिपणारे मेजर गिल

भुसावळ - जळगाव किंवा भुसावळला रेल्वेतून उतरून अजिंठ्याची वाट धरणारे देशी-विदेशी पर्यटक दरवर्षी मोठ्या संख्येने खानदेशातून जातात. मात्र ज्या माणसाने आपले अर्धे आयुष्य अजिंठ्याच्या ओवऱ्यांत घालविले, तो याच भुसावळच्या ब्रिटिशकालीन ख्रिस्ती स्मशानभूमीत विसावला आहे, याची त्यांच्यापैकी फारच थोड्यांना कल्पना असते. मेजर रॉबर्ट गिल हे त्यांचे नाव. अजिंठ्याचे चित्रकार आणि पारोचा प्रियकर या दोन ओळखींनी ते महाराष्ट्राला ठाऊक आहेत. त्यांची तिसरी ओळख तितकीच मोलाची असूनही मागे पडली आहे. माणूस एक डोळा असताना एका रीतीने आणि दोन डोळे असताना दुसऱ्या रीतीने पाहतो, हे विज्ञानाला नुकतेच उमगले होते. त्या शोधाचा उपयोग करून भारतातील प्राचीन वास्तूंची त्रिमितीय छायाचित्रे घेणाऱ्या आरंभीच्या मोजक्या छायाचित्रकारांत गिल यांची गणना होते.

अजिंठ्याची लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली, तरी त्यांचे दळणवळण पूर्वापार खानदेशाशी राहिले. लेण्यांच्या पायथ्याचे फर्दापूर ओलांडले की थोड्याच अंतरावर जळगाव जिल्हा लागतो. गिल यांच्या काळात अजिंठा निजामाच्या राज्यात होता आणि डोंगराखालचा खानदेश १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यानंतर कंपनी सरकारकडे आलेला होता. धुळे हे त्या अखंड खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठाणे. पूर्व आणि पश्चिम असे त्याचे दोन भाग होऊन जळगाव हे स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले, ते १९०६ मध्ये. म्हणजे गिल ज्या खानदेशाच्या मातीत मिसळले, तो एकसंध होता.

गिल यांचा जन्म १८०४ चा, इंग्लंडमधला. विशीच्या उंबरठ्यावर ते मद्रासच्या लष्करात दाखल झाले आणि पुढे ४४ व्या मद्रास नेटिव्ह इन्फन्ट्रीत अधिकारी झाले. ते भारतात येण्यापूर्वी काही वर्षे अगोदर, २८ एप्रिल १८१९ रोजी, मद्रास लष्करातीलच जॉन स्मिथ नावाचा एक अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या खोऱ्यात उतरला होता. झाडोऱ्याआड दडलेली कमान त्याच्या नजरेस पडली. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातील खांबावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. ती खूण आजही तेथे आहे. स्थानिक लोकांना ही लेणी मुळात माहीत होतीच. पण बाहेरच्या जगाला अजिंठा कळला तो या घटनेपासून.

त्यानंतरची वीस वर्षे अजिंठ्याच्या दृष्टीने बरी नव्हती. येणारे-जाणारे भिंतींवर नावे कोरीत, रंगाचे पोपडे आठवण म्हणून खरवडून नेत. वटवाघळांचा मुक्काम आणि पावसाळी ओल होतीच. वास्तुशास्त्राचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी १८३९ मध्ये लेणी पाहिली. पुढे १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचून त्यांनी या चित्रांची दुरवस्था मांडली. चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती करून घ्याव्यात, अशी विनंती सोसायटीने कंपनीच्या संचालकांना केली. हातात कुंचला असलेला लष्करी अधिकारी हवा होता. १८४४ मध्ये कॅप्टन गिल यांची निवड झाली आणि वयाच्या चाळिसाव्या वर्षी ते अजिंठ्याच्या वाटेला लागले. काही वर्षांचे काम, अशी सरकारची अटकळ असावी. प्रत्यक्षात गिल येथून कायमचे परतलेच नाहीत.

अजिंठा गावातील बारादरीत त्यांनी मुक्काम ठोकला. तेथून घाट उतरून काही मैलांवर लेणी. कातळात खोल कोरलेल्या या विहारांत उजेड येतो तो केवळ दारातून आणि ओसरीतून, तोही दिवसाच्या ठराविक वेळी. आतल्या भिंती बहुतेक वेळ अंधारातच असतात. अशा जागी उभे राहून पंधरा शतकांपूर्वीच्या चित्रकाराची एकेक रेषा न्याहाळायची आणि मूळ चित्राइतक्याच मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात ती उतरवायची, हे काम होते.

मराठीत चाळिशी हा शब्द वयालाही लागतो आणि चष्म्यालाही, हे काही उगाच नव्हे. डोळ्यातील भिंग वयानुसार ताठर होत जाते आणि चाळिशीच्या आसपास जवळचे पाहण्यासाठी फुगण्याची त्याची क्षमता कमी पडू लागते. गिल यांनी चष्मा वापरला की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी त्यांनी डोळ्यांकडून करून घेतलेले काम किती कठीण होते, याचा अंदाज बांधता येतो. दूरची वस्तू पाहताना दोन्ही डोळ्यांच्या नजरा जवळपास समांतर असतात. हातभर अंतरावरच्या वस्तूकडे पाहताना त्या नाकाकडे वळतात. दोन बाहुल्यांमधले अंतर साधारण सहा सेंटीमीटर धरले, तर सहा मीटरवरच्या भिंतीकडे पाहताना दोन नजरांमधला कोन अर्ध्या अंशाच्या जवळपास असतो. तोच ४० सेंटीमीटरवरच्या कागदाकडे वळताच आठ-नऊ अंशांचा होतो. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू असतात. त्यांतील नाकाकडचा स्नायू हे वळण घडवून आणतो. त्याच क्षणी भिंग फुगते, बाहुली आकसते. या तिन्ही हालचाली एकमेकींशी जखडलेल्या असतात. त्यांतील एकही मागे राहिली तर दिसणारी वस्तू अंधुक होते किंवा दुहेरी दिसते. प्रतिकृती करणाऱ्याला भिंतीवरून कॅनव्हासवर आणि कॅनव्हासवरून भिंतीवर हे चक्र दिवसातून शेकडो वेळा फिरवावे लागते. तेही मंद उजेडात, जेथे बाहुली विस्फारलेली राहते आणि रेषेचा नेमकेपणा हरवतो.

वाचताना आपण सारेच याची छोटी आवृत्ती करीत असतो. डोळे ओळीवरून सरळ घरंगळत जातात, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते उड्या मारतात. एका सेकंदात चार-पाच उड्या आणि दोन उड्यांमध्ये पाव सेकंदाच्या आतबाहेरचा विसावा. अक्षरे ओळखली जातात ती या विसाव्यात. दोन्ही डोळे प्रत्येक वेळी नेमक्या एकाच अक्षरावर टेकतात, असेही नाही. गेल्या काही दशकांतील मोजमापांत असे आढळले आहे, की बरेचदा एक डोळा अक्षरभर अलीकडे तर दुसरा पलीकडे टेकतो. तरीही वाचणाऱ्याला एकच ओळ दिसते, कारण मेंदू दोन प्रतिमांचे मीलन करून टाकतो. हे मीलन जमत नाही त्या मुलाची अक्षरे हलतात, ओळ सुटते, डोके दुखते. काही मुले नकळत एक डोळा झाकून वाचू लागतात. शाळेत अशा मुलावर आळशीपणाचा शिक्का बसतो, हे आपल्याकडचे जुनेच दुखणे आहे. डोळे आत वळविण्याचा सराव देऊन ही तक्रार बऱ्याच अंशी कमी करता येते. मात्र त्या सरावाने वाचनाचे आकलनही सुधारते, हे अजून सिद्ध झालेले नाही. तसे दावे करणाऱ्यांपासून पालकांनी चार हात दूर राहिलेले बरे.

गिल यांच्यापुढची भिंत आणखी एका कारणाने अवघड होती. अजिंठ्याच्या चित्रकारांना सपाट पृष्ठभागावर उंच-सखलपणा दाखविण्याची विद्या अवगत होती. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात छायाप्रकाशाच्या या तंत्राला वर्तना असे नाव आहे आणि तिचे प्रकारही सांगितले आहेत. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या नाकाची उजळ कड, गालाकडे गडद होत जाणारा रंग, हातातल्या कमळाची भिंतीपासून सुटलेली पाकळी, हे सारे त्याच विद्येचे फळ. गंमत अशी, की आपले दोन डोळे या भ्रमाच्या आड येतात. दोन्ही डोळ्यांना भिंतीवरचा प्रत्येक बिंदू एकाच अंतरावर दिसत असल्याने ते मेंदूला बजावीत राहतात की ही भिंत आहे, येथे खोली नाही. एक डोळा मिटून थोडा वेळ त्याच चित्राकडे पाहिले, तर ही साक्ष थांबते आणि चित्रातले देह अधिक भरीव भासू लागतात. पद्मपाणीपुढे उभ्या राहणाऱ्या कोणालाही हा प्रयोग करून पाहता येईल. गिल यांना हा परिणाम साधायचा होता तो दोन्ही डोळे उघडे ठेवून, दुसऱ्याच्या हाताची लकब न बिघडवता आणि कोठे पोपडा उडालेला आहे ते न झाकता.

पारोची कथा याच वर्षांतली. लेण्यांजवळच्या वस्तीतील ही तरुणी गिल यांच्या आयुष्यात आली, तिने त्यांना रंग मिळवून दिले, परिसर समजावून दिला, असे लोकपरंपरा सांगते. गिल यांचा इंग्लिश पत्नीशी विवाह झालेला होता आणि त्यांना मुलेही होती. कथेतला किती भाग घडलेला आणि किती नंतर रचलेला, हे वेगळे करणे आता अवघड आहे. अजिंठा गावात पारोची कबर मात्र आहे आणि तिच्या शिळेवर २३ मे १८५६ ही तिच्या मृत्यूची तारीख कोरलेली आहे. दंतकथेला लाभलेला हा एक दगडी पुरावा. अजिंठ्याच्या परिसरातच वाढलेले कवी ना. धों. महानोर यांनी या प्रेमकथेवर दीर्घकविता लिहिली आणि नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ मध्ये त्यावर चित्रपट काढला. तेव्हापासून तर गिल म्हटले की पारो, हे समीकरण पक्के झाले. त्या प्रकाशात गिल यांचे उरलेले काम झाकोळले गेले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

ज्या वर्षी पारो गेली, त्याच सुमारास गिल यांच्या हाती कॅमेरा आला. कुंचल्याला वर्षे लागत होती आणि लेण्यांच्या वास्तूची, खांबांची, शिल्पांची नोंद तर राहूनच जात होती. या कामाला छायाचित्रण योग्य होते. गिल यांनी त्याचीही पुढची पायरी गाठली. त्यांनी त्रिमितीय छायाचित्रे घ्यायला सुरुवात केली.

या तंत्रामागचा शोध तेव्हा पुरता वीस वर्षांचाही नव्हता. दोन डोळ्यांना दिसणारी दृश्ये किंचित वेगळी असतात, हे प्राचीन ग्रीकांनाही ठाऊक होते. नाकासमोर बोट धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटला की बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखे दिसते. हे शेंबडे पोरही सांगेल. पण हा फरक मेंदूच्या दृष्टीने दोष नसून तोच खोली जाणण्याचा आधार आहे, हे दाखवून दिले ते इंग्लंडचे चार्ल्स व्हीटस्टन यांनी. गिल यांच्याहून ते दोनच वर्षांनी मोठे. १८३८ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीपुढे आपला निबंध ठेवला. एकाच वस्तूची दोन रेखाचित्रे त्यांनी काढली, एक डाव्या डोळ्याला दिसेल तसे आणि एक उजव्या. आरशांच्या साह्याने प्रत्येक डोळ्याला फक्त त्याचेच चित्र दाखविले आणि कागदावरच्या रेषा एकदम हवेत घनरूप उभ्या राहिल्या. या उपकरणाला त्यांनी स्टिरिओस्कोप हे नाव दिले. स्कॉटलंडचे डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८४९ मध्ये आरशांऐवजी भिंगे वापरून ते हातात मावेल एवढे केले. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात व्हिक्टोरिया राणीला ते आवडले आणि पाहता पाहता घरोघरी स्टिरिओस्कोपचे वेड पसरले. आपल्याकडे ज्यांनी लहानपणी व्ह्यूमास्टरची चकती फिरवून ताजमहाल पाहिला आहे, त्यांनी व्हीटस्टन यांचेच तत्त्व हाताळलेले असते.

तत्त्व सोपे, मेंदूचे काम मात्र अजब. दोन्ही डोळ्यांतून निघालेल्या नसा मेंदूच्या तळाशी एकमेकींना भेटतात आणि तेथे त्यांचे निम्मे तंतू बाजू बदलतात. त्यामुळे समोरच्या दृश्याच्या डाव्या भागाची दोन्ही डोळ्यांकडून आलेली बातमी मेंदूच्या उजव्या बाजूला पोहोचते आणि उजव्या भागाची डाव्या बाजूला. डोक्याच्या मागच्या भागातील दृष्टीच्या केंद्रात या दोन बातम्या शेजारी शेजारी येतात. तेथील असंख्य पेशींना दोन्ही डोळ्यांकडून संदेश मिळतात आणि दोन प्रतिमांतील तफावतीला त्या प्रतिसाद देतात. आपण जेथे नजर रोखतो, त्याच्या अलीकडच्या वस्तूची तफावत एका दिशेची, पलीकडच्या वस्तूची विरुद्ध दिशेची. सुईत दोरा ओवणे, आडातून पोहरा वर आल्यावर नेमका कडेला धरणे, पायरीचा अंदाज घेणे, ही कामे या हिशेबावर चालतात. अंतर वाढते तशी तफावत कमी होत जाते. सातपुड्याच्या रांगा पाहताना दोन डोळ्यांचा असा काही लाभ होत नाही. तेथे धूसरपणा, आकार आणि एकामागे एक झाकल्या जाणाऱ्या कडा यांवरूनच मेंदू अंदाज बांधतो.

कॅमेरा मुळात एकाक्ष. चाळीसगावचे जगप्रसिद्ध छायाचित्रकार केकी मूस यांनी या एकाक्षपणाचेच कलेत रूपांतर केले. टेबलावर मांडलेल्या चिमुकल्या वस्तूंतून त्यांनी विस्तीर्ण निसर्गदृश्ये उभी केली, ती खरी वाटली, कारण एका भिंगाला लहान आणि जवळचे, मोठे आणि लांबचे यांत फरक करता येत नाही. गिल यांचा मार्ग याच्या उलट होता. एकाच दृश्याची थोड्या अंतरावरून दोन छायाचित्रे घ्यायची. त्यासाठी दोन भिंगांचा कॅमेरा वापरता येतो किंवा एकच कॅमेरा बाजूला सरकवून दुसरी काच घेता येते. दोन्ही चित्रे शेजारी चिकटवून स्टिरिओस्कोपमधून पाहिली, की छायाचित्रकार जेथे उभा होता तेथे पाहणारा जाऊन उभा राहतो.

अजिंठ्यासारख्या वास्तूला याहून योग्य साधन नव्हते. दहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहात अष्टकोनी खांबांची दाट रांग स्तूपाला वळसा घालून जाते. सपाट छायाचित्रात खांब एकमेकांवर चढतात, मागची भिंत पुढच्या खांबाला चिकटते आणि कातळाची खोली लोप पावते. दोन डोळ्यांनी पाहिलेल्या चित्रात प्रत्येक खांब आपापल्या जागी परततो. ज्याने भारत पाहिलेला नाही अशा लंडनच्या वाचकाला कोरीव वास्तू म्हणजे काय, हे समजावून देण्यासाठी फर्ग्युसन यांना नेमके हेच हवे होते. १८६४ मध्ये दोघांच्या नावाने दोन पुस्तके निघाली. एक अजिंठा आणि वेरूळच्या लेण्यांवरचे, ७४ छायाचित्रांचे. दुसरे पश्चिम भारतातील वास्तू आणि वन्यजीवनावरचे, शंभर त्रिमितीय चित्रांचे. छायाचित्रे गिल यांची, वर्णने फर्ग्युसन यांची. छापखान्यात छायाचित्रे छापण्याचे तंत्र तेव्हा रुळलेले नव्हते. त्यामुळे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर प्रती काढून त्या पानांवर चिकटवाव्या लागत. गिल यांचा कॅमेरा लोणारच्या मंदिरांकडेही वळला आणि अजिंठ्याजवळच्या अन्व्याकडेही. गिल स्वतः नावाजलेले शिकारी होते. शिकार केलेली जनावरे समोर मांडून घेतलेली त्यांची चित्रे आजच्या वाचकाला रुचणार नाहीत. मात्र या डोंगररांगांत त्या काळी किती वन्यजीवन होते, याची ती एक नोंद आहेच.

इतके असूनही भिंतीवरच्या चित्रांपुढे कॅमेरा हतबल होता, आणि गिल यांच्या आयुष्यातील शोकांतिकेचे मूळ येथेच आहे. त्या काळी सर्वत्र रुळलेली पद्धत म्हणजे कलोडियनच्या ओल्या काचेची. रसायनाचा लेप ओला असेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, काच कॅमेऱ्यात घालून, प्रकाश दाखवून, लगेच धुऊन काढावी लागे. खानदेशच्या उन्हाळ्यात ती किती लवकर सुकत असेल, हे वेगळे सांगायला नको. त्याहून मोठी अडचण रंगांची होती. हे रसायन निळ्या प्रकाशालाच दाद देई. तांबडा आणि पिवळा त्याच्या लेखी जवळपास काळोखच. अजिंठ्याचा चित्रकार तर गेरू आणि पिवळ्या मातीवर जगणारा. त्याचे उबदार रंग काचेवर काळेठिक्कर उमटणार, तेही पुरेसा उजेड असेल तर. खोलीची नोंद कॅमेरा करील, पण रंगाची नोंद कुंचल्यानेच व्हायला हवी, अशी ही विभागणी होती. गिल यांनी दोन्ही साधने धरून ठेवली, ती यासाठी.

रंगाची ती नोंद एका रात्रीत गेली. तीसच्या जवळपास प्रचंड कॅनव्हास गिल यांनी टप्प्याटप्प्याने लंडनला पाठविले होते. त्यांतील बहुतेक सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले गेले. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या काचेच्या राजवाड्याच्या उत्तर भागाला आग लागली आणि अजिंठ्याच्या प्रतिकृती तीत भस्मसात झाल्या. प्रदर्शनात नव्हती ती हातावर मोजण्याइतकी चित्रे तेवढी वाचली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ती आहेत. गिल यांनी पाहिलेल्या भिंतींचे काही भाग नंतरच्या काळात झडून गेले. तेथे नेमके काय होते, हे सांगू शकणारे साक्षीदार त्या आगीत जळाले. वयाची साठी ओलांडलेल्या गिल यांच्यापर्यंत ही बातमी जहाज आणि टपालाच्या वाटेने पोहोचली असेल, तेव्हा त्या वीस-बावीस वर्षांचा हिशेब त्यांनी कसा मांडला असेल?

आगीतून वाचला तो त्यांचा दुसरा डोळा, म्हणजे १८६४ ची पुस्तके. ती अनेक प्रतींत निघाली असल्याने एका ठिकाणच्या आगीने संपणारी नव्हती. खोली राहिली, रंग गेले.

त्रिमितीय चित्रांतील ही खोली सर्वांनाच दिसते असे नाही. बालपणी एक डोळा तिरळा असेल किंवा त्याचा नंबर दुसऱ्याहून फार वेगळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याची बातमी हळूहळू नाकारू लागतो. यालाच आपण आळशी डोळा म्हणतो. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिलांवर प्रयोग करून दाखविले, की जन्मानंतरच्या एका ठराविक काळात डोळ्याचा वापर झाला नाही, तर मेंदूतील त्याच्या वाट्याच्या पेशी दुसरा डोळा बळकावतो. या संशोधनासाठी त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लहान वयात चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून मागे पडलेल्या डोळ्याला कामाला लावतात, ते याच कारणाने, आणि उपचार जितका लवकर तितका गुण अधिक. तिरळा डोळा भाग्याचा मानून मुलाला डॉक्टरकडे न नेणारी कुटुंबे आपल्याकडे होती आणि आजही अगदीच नाहीत असे नाही. अशा मुलाचे एरवी फारसे अडत नाही. पण स्टिरिओस्कोपमध्ये त्याला दोन सपाट चित्रांपलीकडे काही दिसत नाही.

आगीनंतरही गिल हा परिसर सोडून गेले नाहीत. दरम्यान १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खानदेशातून भुसावळपर्यंत आली. ज्या डोंगरात पूर्वी आठवडे खर्ची घालून पोहोचावे लागे, तो मुंबईपासून टप्प्यात आला. रेल्वेबरोबर नवा अधिकारी वर्ग आला, भुसावळला युरोपियनांची वसाहत आणि तिची स्मशानभूमी झाली. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येऊ लागले. गिल यांनी एकट्याने केलेले काम आता एक सबंध चमू नव्याने करीत होता. चित्रे उठून दिसावीत म्हणून या काळात भिंतींवर व्हार्निश चढविण्यात आले आणि त्याने पुढे मूळ चित्रांचेच नुकसान झाले. ते काढण्यासाठी निजाम सरकारला १९२० च्या दशकात इटलीहून तज्ज्ञ बोलवावे लागले. ग्रिफिथ्स यांच्या चमूच्या प्रतिकृतीही लंडनलाच गेल्या आणि १८८५ मध्ये तेथे लागलेल्या आगीत त्यांतील अनेक जळाल्या.

ही दुसरी आग पाहायला गिल नव्हते. १८७९ च्या एप्रिलमध्ये, खानदेशात उन्हाळा तापू लागला असताना, वयाच्या पंचाहत्तरीत त्यांचे निधन झाले आणि भुसावळला त्यांचे दफन झाले. पारोची कबर घाटावर अजिंठा गावात, गिल यांची घाटाखाली भुसावळला.

त्यांची त्रिमितीय चित्रे आता संगणकाच्या पडद्यावरही पाहता येतात आणि त्यासाठी स्टिरिओस्कोप असलाच पाहिजे असे नाही. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन चित्रांकडे पाहताना नजर लांब कोठेतरी लावल्यासारखी सैल सोडावी. आधी चार चित्रे दिसतात, मग मधली दोन एकमेकींकडे सरकतात. ती एकमेकींवर बसली की क्षणभराने ओसरीतला पहिला खांब पुढे येतो, त्याच्यामागून दुसरा, आणि त्यांच्या आड, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या उन्हात, दाराच्या आतला काळोख उघडतो.